एक मतदारसंघ, तीन कौल



निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून त्याची कारणे सांगितली जातात. सत्ताधारी हरले तर महागाई, बेरोजगारी आणि शेतमालाच्या पडलेल्या भावांनी त्यांना पाडले, असे आपण म्हणतो. महागाई, बेरोजगारी आणि पडलेले भाव असूनही तेच जिंकले, तर लोकांनी जात पाहिली, धर्म पाहिला, पैसे घेतले, असे म्हणतो. दोन्ही विधाने निकालानंतरची असतात, म्हणून ती कधी खोटी ठरत नाहीत. जे विधान कधीच खोटे ठरू शकत नाही, ते आपल्याला काही शिकवतही नाही. आज हा प्रश्न जरा शिस्तीने विचारावा, अशी माझी इच्छा आहे. आर्थिक चिंतेवरून माणूस मत देतो का? देत असेल, तर केव्हा देतो आणि केव्हा देत नाही?

त्यासाठी मी एक मतदारसंघ घेतो : नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून तो लोकसभा मतदारसंघ होतो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठा त्यात येतात. पश्चिमेला आदिवासी डोंगरपट्टा, मध्ये द्राक्षबागा, पूर्वेला कमी पावसाचा प्रदेश. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. कांद्याचा आजचा भाव काय निघाला, हा इथे रोजच्या बोलण्यातला विषय असतो. पोटाची चिंता मतपेटीपर्यंत कशी पोहोचते, हे पाहायला याहून योग्य जागा मला ठाऊक नाही. 2019 पासून 2024 पर्यंत इथे दिले गेलेले तीन कौल आपण एकापुढे एक ठेवून पाहू.

पहिला कौल : एप्रिल 2019

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून किसान लाँग मार्च निघाला. हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सहा दिवस चालत मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. वनहक्काच्या जमिनी आणि कर्जमाफी या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. त्यांच्या तळपायांची छायाचित्रे देशभर छापली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कांद्याचे भाव कोसळले. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. ती रक्कम त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिली. किलोला दीड रुपयाही पडला नव्हता.

पोटावरून मत ठरत असते, तर चार महिन्यांनी झालेल्या निवडणुकीचा निकाल काय लागायला हवा होता, हे कुणीही सांगेल. प्रत्यक्षात भाजपच्या भारती पवार सुमारे दोन लाख मतांनी निवडून आल्या. लाँग मार्चच्या नेत्यांपैकी एक, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित, रिंगणात होते. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

मध्ये काय घडले होते? 14 फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला आणि 26 तारखेला बालाकोटची कारवाई झाली. पंतप्रधान किसान योजनेचा दोन हजारांचा पहिला हप्ता त्याच महिन्यात खात्यांवर पडू लागला. देश कोणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न कांद्याच्या प्रश्नाहून मोठा झाला. याचा अर्थ कांद्याचा प्रश्न सुटला असा होत नाही. ज्याने मनीऑर्डर पाठवली त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दुःख तेवढेच राहिले. फक्त त्या दिवशी मताचे बटण दाबताना ते दुःख पहिल्या क्रमांकावर नव्हते.

दुसरा कौल : मे 2024

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले. डिसेंबरच्या 8 तारखेपासून निर्यातच बंद केली. एप्रिल 2024 च्या अखेरीस गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि नाशिकच्या लाल कांद्याला मिळाली नाही, तेव्हा इथला संताप उफाळून आला. 4 मे रोजी बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्य यांचे ओझे ठेवूनच. 15 मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत गर्दीतून एका तरुणाचा आवाज आला : ‘कांद्यावर बोला.’ 20 तारखेला मतदान झाले. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार एक लाख तेरा हजारांहून अधिक मतांनी हरल्या आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे, पेशाने शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले.

याच निकालातला आणखी एक आकडा विसरू नये. भगरे यांच्याच आडनावाच्या आणि तुतारी चिन्ह असलेल्या एका अपक्ष उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली. भगरे यांच्या पक्षाचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. मतदारांचा गोंधळ झाला, असेच बहुतेकांनी मानले. मतपेटीतून जे बाहेर येते ते मनातल्या हेतूची हुबेहूब नोंद असते असे समजून त्यावर सिद्धान्त उभारणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता पहिला आणि दुसरा कौल शेजारी ठेवा. 2018 च्या शेवटी भाव पडलेला होता. 2024 च्या उन्हाळ्यातही शेतकऱ्याच्या हाती हवा तो भाव येत नव्हता. मग मत का बदलले? माझ्या मते फरक भावात कमी आहे आणि दोष कुणाचा या प्रश्नाच्या उत्तरात जास्त आहे. 2018 मध्ये भाव बाजाराने पाडला होता : आवक जास्त, जुना साठा अंगावर आलेला, व्यापारी, हवामान. अशा वेळी राग येतो, पण तो दहा दिशांना विखुरतो. 2023 मध्ये भाव पाडणारा एक सरकारी आदेश होता. त्याला तारीख होती, खाली सही होती. बाहेर गिऱ्हाईक उभे असताना दार बाहेरून बंद केले गेले, हे प्रत्येकाला दिसत होते. त्यात गुजरातच्या कांद्याला दार उघडले गेले. तोवर जे नुकसान होते, ते त्या क्षणी अन्याय झाले.

आर्थिक चिंता अशी मतापर्यंत पोहोचते. नुकसान माणूस सोसतो. कधी नशिबाला, कधी पावसाला बोल लावतो. अन्याय मात्र तो कुणाच्या तरी नावावर मांडतो आणि संधी मिळाली की वसूल करतो.

तिसरा कौल : नोव्हेंबर 2024

सहा महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. दिंडोरी लोकसभा क्षेत्रातल्या सहाही जागा भाजप आणि मित्रपक्षांच्या सत्ताधारी महायुतीने जिंकल्या. नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा तिच्याकडे गेल्या. राज्यात लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता. विधानसभेला महायुतीच्या 230 जागा आल्या.

अर्थकारणाची बाजू घेणारा म्हणेल की यात कोडे कसले? सप्टेंबरमध्ये कांद्याचे किमान निर्यातमूल्य काढले, शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आणले. पुढे भावही चढे राहिले. शेतीपंपांच्या वीजबिलाची माफी झाली. आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार रुपये याप्रमाणे निवडणुकीआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत जमा झाले. पोटाचा प्रश्न सुटला, मत फिरले.

हे खरे असेल, तर ते कांद्याबाहेरही खरे ठरायला हवे. म्हणून मराठवाडा आणि विदर्भाच्या सोयाबीन पट्ट्याकडे पाहू. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात शेतकरी त्याहून पुष्कळ कमी भावाने माल विकत होता. दोन्ही आघाड्या सभांमधून सहा आणि सात हजारांची आश्वासने देत होत्या, इतका तो प्रश्न तापलेला होता. तरीही त्या पट्ट्यातल्या बहुसंख्य जागा महायुतीलाच मिळाल्या. कांद्याला भाव होता आणि सत्ताधारी जिंकले. सोयाबीनला भाव नव्हता, तरी सत्ताधारी जिंकले. नुसत्या भावावरून या निकालाचा अर्थ लागत नाही.

आणखी एक गोष्ट दिंडोरीत शोधल्याशिवाय दिसत नाही. 2024 ला निवडून आलेले सहाही आमदार 2019 चेच आमदार होते. मधल्या काळात शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, विरोधातले सत्तेत आले. लोकांनी माणसे तीच ठेवली. लोकसभेला कांद्याच्या निर्यातीवरून दिल्लीला जाब विचारणारा मतदार विधानसभेला पाण्याचे, रस्त्याचे, दवाखान्यातल्या खाटेचे काम कोण करून देतो हे पाहत होता. निर्यातबंदीची सही दिल्लीत झाली होती, मुंबईत नव्हे, हे त्याला पक्के माहीत होते.

मतदारसंघाचा निकाल फिरला म्हणून प्रत्येक माणूस फिरला, असेही नव्हे. बहुसंख्य लोक प्रत्येक वेळी आपापल्या ठिकाणीच असतात. काही जण बाजू बदलतात, काही घरी राहतात, काही नव्याने बाहेर पडतात. त्या थोड्यांच्या हालचालीने निकाल ठरतो आणि आपण तो सगळ्यांच्या मनाचा कौल म्हणून वाचतो.

पोट कुणाचे?

आर्थिक चिंता मोजताना आपण घर हा एक हिशेब धरतो. पण कांद्याच्या विक्रीची पट्टी येते ती बहुधा पुरुषाच्या नावावर, कारण सातबारा त्याच्या नावावर असतो. कांदा लावणारी, निंदणारी, काढणारी, चाळीत भरणारी बाई मात्र पट्टीवर कुठेच नसते. लाडक्या बहिणीचा हप्ता तिच्या स्वतःच्या खात्यात आला. तो काढायला बँकेत ती स्वतः गेली, आणि तो कशावर खर्च करायचा हे काही अंशी तरी तिने ठरवले. 2019 च्या विधानसभेपेक्षा या वेळी स्त्रियांचे मतदान स्पष्टपणे वाढले.

पंधराशे रुपयांत मते विकली गेली, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले आणि म्हटले. मला ते मान्य नाही. उद्योगाला करसवलत मिळाली आणि उद्योजकाने त्या पक्षाला मत दिले, तर आपण त्याला धोरणाला दिलेला पाठिंबा म्हणतो. पगारदाराची प्राप्तिकराची मर्यादा वाढली आणि त्याने मत दिले, तर तो जागरूक मध्यमवर्ग ठरतो. शेतमजूर बाईने तेच केले की ती विकली गेली? ती योजना राज्याच्या तिजोरीला पेलते का, यावर जरूर वाद व्हावा. निवडणुकीच्या तोंडावर ती का आली, हेही विचारावे. हप्ता 2,100 रुपये करण्याचे आश्वासन सत्तेवर आल्यानंतरच्या पहिल्या अर्थसंकल्पात का उतरले नाही, हा प्रश्न तर त्या स्त्रियांनीच विचारावा. पण त्यांच्या मताचा अपमान करण्याचा अधिकार कुणाला नाही. त्यांच्या हिशेबात पैसे होते आणि पैशाबरोबर येणारी ओळखही होती. ती दोन वेगळी काढता येत नाहीत.

देशाचा अनुभव

दिंडोरी अपवाद आहे का? डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगडच्या मतदारांनी भाजपची सरकारे घालवली. शेतीतली हलाखी हे कारण सर्वांनी सांगितले. पाच महिन्यांनी त्याच तीन राज्यांतल्या लोकसभेच्या 65 जागांपैकी 62 भाजप आणि त्याच्या मित्रपक्षाला मिळाल्या. पाच महिन्यांत शेती सुधारली नव्हती. प्रश्नपत्रिका बदलली होती.

8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने चलनातल्या नोटांपैकी मूल्याने 86 टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या. मजुरांचे रोजगार गेले, बाजार समित्या ठप्प झाल्या. चार महिन्यांनी उत्तर प्रदेशात भाजपला 403 पैकी 312 जागा मिळाल्या. या त्रासातून मोठ्या लोकांचा काळा पैसा बाहेर येईल आणि निदान या बाबतीत सगळे सारखे होतील, अशी भावना अनेकांच्या मनात होती. त्रासाला अर्थ मिळाला की माणूस तो सोसतो.

1977 चे उदाहरण उलटे आहे. आणीबाणीत 1975-76 साली घाऊक किमती खाली आल्या होत्या, पीकपाणी उत्तम होते. अर्थशास्त्राच्या हिशेबाने इंदिरा गांधींना भीती नव्हती. पण 1976-77 मध्ये 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी सक्तीने. उत्तर प्रदेशच्या 85 आणि बिहारच्या 54 जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. जिथे सक्तीची झळ कमी पोहोचली त्या दक्षिणेत काँग्रेस टिकली. उत्तरेत पोट बोलले नाही, देहाचा अपमान बोलला. तीन वर्षांनी मात्र दुष्काळ, महागाई आणि कांद्याचे भाव यांनी जनता राजवटीचे उरलेसुरले बळ काढून घेतले आणि 353 जागा घेऊन त्याच बाई परत आल्या. नोव्हेंबर 1998 मध्ये कांदा किलोला पन्नास-साठ रुपयांवर गेला, तेव्हा दिल्लीच्या गिऱ्हाइकाने भाजपला 15 जागांवर आणून ठेवले. पोखरणच्या अणुचाचण्या होऊन सहाच महिने झाले होते.

त्या एका निवडणुकीची किंमत लासलगाव आजवर मोजते आहे. कांदा महाग झाला की शहर रागावते आणि स्वस्त झाला की शेतकरी. शहराचा राग सरकारला लवकर ऐकू येतो, म्हणून भाव चढताच निर्यात बंद होते. आर्थिक चिंता दोघांचीही खरी असते, पण दोघांच्या चिंता एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात. ‘जनतेची आर्थिक चिंता’ असे एकवचनी बोलताना ही ओढाताण आपण विसरतो.

अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीनंतर हाच वाद पेटला. राज्यशास्त्राच्या अभ्यासक डायना मुट्झ यांनी त्याच मतदारांच्या 2012 आणि 2016 मधल्या मुलाखती ताडून पाहिल्या. ज्याची स्वतःची आर्थिक स्थिती घसरली तोच ट्रम्पकडे वळला असे त्यांना आढळले नाही. समाजातले आपले स्थान जाते आहे, ही भीती अधिक प्रभावी दिसली. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की चिनी आयातीमुळे जिथले कारखाने बसले, ते भाग रिपब्लिकन पक्षाकडे झुकले. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. माणूस आपल्या खिशापेक्षा आपल्या गावाच्या आणि आपल्या लोकांच्या भवितव्याकडे पाहून मत देतो. कारखाना बंद पडल्यावर ज्याची नोकरी टिकली, त्यालाही गाव ओस पडताना दिसते.

चळवळीचा धडा

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर शेतकरी नेते शरद जोशी यांच्यापुढे आला. चाकणचे कांदा आंदोलन, 1980 चे नाशिक जिल्ह्यातले ऊस-कांदा आंदोलन, शेतीमालाला रास्त भाव हा एककलमी कार्यक्रम. जातीपातीपलीकडे जाऊन केवळ आर्थिक मागणीवर लाखो शेतकरी रस्त्यावर येतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मेळाव्यांना येणारे लाखो शेतकरी त्या पक्षाला मत द्यायला आले नाहीत. विधानसभेत तो मोजक्या जागांपलीकडे गेला नाही.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की शेतकऱ्याला भावाची खरी चाड नाही, तो अखेर जातीकडेच जातो. मला हा निष्कर्ष क्रूर वाटतो. लाठ्या खाणारा, तुरुंगात जाणारा माणूस आपल्या मागणीबद्दल खोटे बोलत नसतो. त्याच्यापुढे भावाखेरीज पोलीस ठाणे, सोसायटीचे कर्ज, मुलाची बदली, गावातली सोयरीक आणि गटाची ताकद हेही प्रश्न असतात. ते सोडवणारा स्थानिक नेता नव्या पक्षात त्याला दिसत नव्हता. आर्थिक राग मतात उतरायला दोष कुणाचा हे ठरावे लागते, त्याला पर्याय विश्वासार्ह दिसावा लागतो, आणि त्या घटकेला त्याहून मोठी भीती किंवा मोठा अपमान समोर नसावा लागतो. यांतले एक जरी नसले, तरी राग खरा असूनही मतपेटीत दिसत नाही.

हेच सर्वेक्षणातही दिसले. एप्रिल 2024 मध्ये लोकनीती-सीएसडीएस या अभ्याससंस्थेने निवडणुकीआधीचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. सर्वांत मोठा प्रश्न कोणता, या प्रश्नाला 27 टक्के लोकांनी बेरोजगारी आणि 23 टक्के लोकांनी महागाई हे उत्तर दिले. नोकरी मिळणे अवघड झाले आहे, असे 62 टक्के म्हणाले. त्याच सर्वेक्षणात सत्ताधारी आघाडी पुढे होती. लोक प्रामाणिकपणे आपली चिंता सांगत होते आणि तितक्याच प्रामाणिकपणे वेगळ्या कारणाने मत देणार होते.

मग निकालाचे काय करायचे?

मला जे सांगायचे आहे ते असे. आर्थिक चिंता मताचे एक कारण असते, पण मत हे आर्थिक चिंतेचे मोजमाप नसते. आपण सतत उलटा प्रवास करतो. दिंडोरीत सत्ताधारी जिंकले म्हणजे कांद्याचा प्रश्न संपला. सोयाबीन पट्ट्यात महायुती आली म्हणजे सोयाबीनवाला सुखी आहे. लोकसभेत हरले की लगेच प्रश्न आहे. हा तर्क चुकीचा आहेच, तो घातकही आहे. जिंकलेल्या सरकारला त्यातून न ऐकण्याची परवानगी मिळते आणि हरलेल्या पक्षाला मतदारावर रुसण्याची.

नागरिकाच्या हाती पाच वर्षांत लोकसभेचे एक आणि विधानसभेचे एक मत असते. त्या एका बटणात त्याने निर्यातबंदी, मुलाची नोकरी, देशाची सुरक्षितता, जातीचा मान, आरक्षण, आमदाराचे काम आणि स्वतःची श्रद्धा हे सगळे घालायचे असते. एवढे सगळे एका बटणात मावत नाही. म्हणून भावाच्या प्रश्नाला न्याय मिळण्यासाठी शेतकऱ्याने भावावरच मत दिले पाहिजे, ही अट आपण त्याच्यावर लादू शकत नाही. त्याने देशाच्या सुरक्षिततेवर मत दिले, तरी त्याच्या कांद्याला न्याय मिळायलाच हवा.

यासाठी दोन निवडणुकांच्या मधली लोकशाही मजबूत हवी. शेतमालाच्या निर्यातीचे नियम हंगामाआधी जाहीर व्हावेत आणि हंगामात बदलू नयेत. बदलावेच लागले, तर झालेल्या नुकसानीची भरपाई आदेशाबरोबर यावी. बाजार समित्यांच्या आणि सहकारी सोसायट्यांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात. ग्रामसभेचे ठराव कपाटात पडून राहू नयेत. मोर्च्याला दिलेल्या लेखी आश्वासनांचा हिशेब विधिमंडळात दरवर्षी मांडला जावा. पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी निकालाच्या दिवशी गावात जावेच, पण मतदान नसलेल्या वर्षी, पट्टी हाती पडते त्या आठवड्यात, अधिक जावे.

आणि आपण, जे अशा सभागृहांत बसून मतदाराविषयी बोलतो, त्यांनी एक पथ्य पाळावे. मत आपल्याला पटले नाही म्हणून ते देणाऱ्याचे दुःख खोटे ठरवू नये. मत आपल्याला पटले म्हणून त्या दुःखाची सगळी कारणे आपल्याला कळली, असेही मानू नये. दिंडोरीच्या मतदाराने तीन वेळा तीन वेगळ्या प्रश्नांना उत्तरे दिली. कांद्याचा प्रश्न त्याने 2018 मध्येही विचारला होता, 2024 मध्येही विचारला. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्याही निकालाने संपत नाही. ती निवडून आलेल्यांची आहे, आणि त्यांच्याकडून ते उत्तर मागत राहण्याची जबाबदारी आपली आहे.